नाशिकमध्ये डेटा सायंटिस्टचा पगार पुरतो का? ऑफर लेटरपासून महिनाअखेरीपर्यंतचा हिशोब, नव्यांसाठी

गेल्या दिवाळीत माझा आतेभाऊ पुण्याहून आला होता आणि पाडव्याला रात्री जेवणं झाल्यावर आम्ही गच्चीवर बसलो होतो. तो म्हणाला, ताई, माझं पॅकेज बारा लाख झालं तरी महिन्याच्या वीस तारखेला खात्यात काही नसतं, माझं चुकतंय कुठे? मग मी आतून वही आणली, त्याने मोबाईलवर पेस्लिप उघडली आणि रात्री एक वाजेपर्यंत आम्ही एकेक आकडा लिहून काढला. त्यानंतर आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीसोबत तोच हिशोब परत केला, मग कॉलेजच्या ज्युनिअर्सचे फोन यायला लागले, म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते. मी स्वतः पाच वर्षं डेटा सायन्सच्या कामात आहे, म्हणजे आकड्यांवरून अंदाज बांधणारी मॉडेल्स बनवायची, आधी पुण्यात होते, आता इंदिरानगरला आईबरोबर राहते.

एक गोष्ट आधीच सांगते. पॅकेज किती हा प्रश्न सोडा, महिन्याच्या शेवटी उरतात किती ते बघा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका आकड्यापर्यंत पोचण्यासाठीच आहेत.

पायरी १: सीटीसी फोडून बघा

ऑफर लेटरवर जो मोठा आकडा असतो तो, म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यावर होणारा खर्च असतो, तुमचा पगार नसतो. त्या मुलीची ऑफर ९ लाख ६० हजारांची होती. तिला विचारूनच आकडे सांगतेय, थोडे गोल केलेत. ती धरून चालली होती की महिन्याला ८० हजार येणार आणि त्या हिशोबाने तिने घर बघायला सुरुवातही केली होती.

आता फोडून बघू. त्यात १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर आणि कंपनीच्या निकालावर ठरणारा भाग), म्हणजे ९६ हजार, ते वर्षाच्या शेवटी मिळणार आणि पूर्ण मिळतीलच असं नाही. बेसिक ४ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला ४० हजार. त्याच्या १२ टक्के कंपनीचा पीएफ, महिन्याला ४,८००, हाही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण २३ हजार, आणि ही रेग्युलर नोकरीत सलग पाच वर्षं काढली तरच हातात येते. ग्रुप मेडिक्लेमचे ८,४००. हे सगळं वजा केल्यावर महिन्याला उरले साधारण ६४,५००. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ४,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेले की खात्यात येतात जवळपास ५९,५००. कुठे ८० आणि कुठे साडेएकोणसाठ. कंपनीने यात काही लपवलेलं नव्हतं, सगळं दुसऱ्या पानावरच्या टेबलमध्ये लिहिलेलं होतं, पण तिने दुसरं पान उघडलंच नव्हतं.

प्रोफेशनल टॅक्स आपल्या महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. बायकांना महिना २५ हजारांपर्यंत पगार असेल तर तो लागत नाही, २०२३ पासून, त्यामुळे मुलींनो, पहिली नोकरी छोट्या पगाराची असेल आणि तरी २०० कापले जात असतील तर अकाउंट्सला जाऊन विचारा.

इन्कम टॅक्सचं आता सोपं झालंय. २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये (नव्या करपद्धतीत) पगारदारांना ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स शून्य. म्हणजे सुरुवातीच्या बहुतेकांना टॅक्सची चिंता नाहीच, आणि डिसेंबरमध्ये घाईघाईत टॅक्स वाचवायला म्हणून नको ती विमा पॉलिसी गळ्यात बांधून घ्यायची गरज पण नाही. त्याच्या थोडंसं वर गेलात तर मार्जिनल रिलीफ असतो, लगेच मोठा फटका बसत नाही. पण सगळी वजावट होऊन करपात्र रक्कम १५ लाख आली की सेस धरून १ लाख ९ हजार २०० टॅक्स बसतो, म्हणजे महिन्याला ९,१००. मोठ्या पॅकेजवर उडी मारताना हा आकडा डोक्यात ठेवा. एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट फक्त जुन्या रिजीममध्ये मिळते, आणि तिथेही मुंबईला बेसिकच्या ५० टक्क्यांपर्यंत धरतात तसं नाशिकला नाही, ४० टक्केच. पगार वरचा असेल आणि होम लोनही चालू असेल तर दोन्ही रिजीमचा हिशोब एकदा शेजारी शेजारी मांडून बघा, बाकीच्यांनी नवी रिजीम धरून पुढे जावं.

व्हेरिएबलबद्दल जरा पोटतिडकीने सांगते. माझ्या पहिल्या कंपनीत मुलाखतीला तोंडी सांगितलं होतं की व्हेरिएबल सगळ्यांना पूर्ण मिळतं, आणि वर्षाच्या शेवटी हातात आलं चाळीस टक्के. माझ्या कामाचं रेटिंग चांगलं होतं, पण कंपनीचा निकाल चांगला नव्हता म्हणे. मी त्या पैशांवर आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरवून बसले होते, ते चार महिने पुढे ढकलावं लागलं. तेव्हापासून घरखर्चाच्या हिशोबात मी व्हेरिएबल शून्य धरते, आणि तुम्हीही धरा.

पायरी २: नोकरी कुठली ते आधी ठरवा, शहर नंतर

नाशिकमध्ये राहून डेटाचं काम करायचे तीन रस्ते आहेत आणि तिन्हींचं गणित वेगळं आहे.

पहिला, इथलीच कंपनी. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत मोठे कारखाने आहेत, आयटी आणि बीपीओची ऑफिसेस आहेत, शेतमालाच्या कंपन्या आहेत. कामं खरी असतात. मशीन कधी बंद पडणार त्याचा आधी अंदाज, पार्टमधला डिफेक्ट कॅमेऱ्याने पकडणं, द्राक्षाच्या मालाचं फोरकास्टिंग. पण पोस्टचं नाव बघून जाऊ नका. खूप ठिकाणी जाहिरातीत डेटा सायंटिस्ट लिहितात आणि आत गेल्यावर एमआयएस एक्झिक्युटिव्हचं काम देतात, रोज सकाळी एक्सेलची शीट भरायची आणि साहेबांना मेल करायची. उलटही होतं, नाव साधं डेटा ॲनालिस्ट असतं आणि काम फार छान शिकवून जातं. मुलाखतीत सरळ विचारा, गेल्या सहा महिन्यांत तुमच्या टीमने कुठलं मॉडेल प्रत्यक्ष वापरात आणलं? उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून घ्या. पगाराचं म्हणाल तर माझ्या ओळखीतल्या फ्रेशर्सना इथे तीन ते पाच लाखांच्या ऑफर्स आल्यात, आणि तीन-चार वर्षांच्या अनुभवाला आठ ते बारा. पुण्यात त्याच अनुभवाला जास्त मिळतात, हे मान्य करूनच पुढे वाचा.

दुसरा रस्ता म्हणजे पुण्या-मुंबईची कंपनी आणि हायब्रिड, म्हणजे काही दिवस ऑफिस, काही दिवस घरून. मुंबईसाठी पंचवटी एक्स्प्रेस आहे, नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि वर्षानुवर्षं तिच्या पासधारकांचं एक वेगळंच कुटुंब झालंय. पण रोजचा प्रवास शरीराला झेपतो का ते एक महिना करून बघा मग ठरवा. आठवड्यातून एकदा-दोनदा जाणं जमतं, पाच दिवस म्हणजे झोपायलाच घरी यायचं. पुण्याला २१० किलोमीटर, रेल्वेचा थेट मार्ग नाही, सिन्नर-संगमनेर-नारायणगाव करत चाकणला पोचलात की तिथल्या ट्रॅफिकमध्ये एक तास कुठे गेला ते कळत नाही. त्यामुळे हायब्रिडचे दिवस किती आणि ते मॅनेजर बदलल्यावर वाढू शकतात का, हे ऑफर लेटरमध्ये लेखी घ्या. तोंडी 'आपलं फ्लेक्सिबल आहे' यावर घर घेऊ नका.

तिसरा, पूर्ण रिमोट, त्यात बऱ्याचदा बाहेरच्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट. आकडा मोठा दिसतो पण पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, भरपगारी रजा नाही, नोटीस बहुतेक महिनाभराचीच. टॅक्समध्ये अर्धंच उत्पन्न करपात्र धरायची सोय (४४एडीए म्हणून ओळखतात ती) प्रोफेशनल लोकांना आहे, पण तुमचं काम त्यात बसतं का ते सीएला दाखवून घ्या, आणि तसं केलंत तर ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत भरायचा असतो तो विसरू नका. वर्षाला २० लाखांच्या वर बिलं गेली की जीएसटी रजिस्ट्रेशन पण आलं. माझा साधा नियम असा की कॉन्ट्रॅक्टच्या आकड्यातून पाव भाग बाजूला काढायचा, टॅक्स, विमा आणि दोन महिने काम नसेल त्यासाठी, आणि उरलेल्याला पगार म्हणायचं.

आणि नाशिकमध्ये रिमोट करणार असाल तर इन्व्हर्टर हा चैनीचा खर्च नाही. मागच्या मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वारा सुटला, लाईट गेली, राऊटर बंद, आणि क्लायंटला डेमो दाखवायला अकरा मिनिटं उरलेली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डेमो दिला, बॅटरी १४ टक्क्यांवर होती. दुसऱ्या दिवशी जाऊन इन्व्हर्टर घेतला आणि दुसऱ्या कंपनीचं नेट पण लावलं.

पायरी ३: घर

खर्चात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड महाग, पण सगळं हाताशी आहे. इंदिरानगर, गोविंदनगर मधल्या दराचं, हायवे जवळ. पाथर्डी फाट्याकडे नवीन बिल्डिंगा भरपूर आणि अंबडला कामाला असाल तर दहा-पंधरा मिनिटांत ऑफिस. नाशिकरोड, जेलरोड हा भाग मुंबईला ट्रेनने जाणाऱ्यांसाठी, कारण सिडकोत किंवा सातपूरला राहून पहाटे स्टेशन गाठायचं म्हणजे द्वारका चौक पार करा आणि तिथेच थकून जा. मी इंदिरानगरला टूबीएचकेचे १५,००० आणि मेंटेनन्स १,५०० देते. त्या मुलीने पाथर्डी फाट्याला वनबीएचके ९,५०० ला घेतला, मेंटेनन्स ८००.

डिपॉझिट आमच्याकडे साधारण दोन-तीन महिन्यांचं. करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, आणि तो रजिस्टर करायचाच, घरमालक 'नोटरीवर भागतं' म्हणाले तरी नाही म्हणा. कायद्याने रजिस्ट्रेशनची जबाबदारी घरमालकाची आहे. खर्च फार नाही, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे ९,५०० भाड्याला ११ महिन्यांचे मिळून पावणेतीनशेच्या आसपास, आणि महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. एजंट घरी येऊन अंगठा घेऊन जातात त्याचे वेगळे पैसे घेतात. पोलीस व्हेरिफिकेशनही तेव्हाच उरकून टाका. राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, गिझर, पंखे सगळ्याचा व्हिडिओ काढून घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे सोडताना रंगाचे पैसे कापायचा विषय निघाला तर पुरावा राहतो.

फ्लॅट विकत घ्यायचा विचार पहिल्या वर्षी करू नका असं मी सगळ्यांना सांगते आणि त्यावर घरात भांडणं होतात हे मला माहितीये. ३० लाखांचं लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं, याचा हप्ता होतो जवळपास २६,०००. साडेएकोणसाठ हजारांतून २६ गेले की नोकरी बदलायचं धाडसच राहत नाही, आणि या क्षेत्रात पगार खरा वाढतो तो बदलल्यावरच. दोन-तीन वर्षांनी घ्याल तेव्हा घर बाईच्या नावावर केलंत तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे.

पायरी ४: महिन्याची वही

त्या मुलीचा जानेवारीचा खर्च इथे देते, तिने खरंच एकेक रुपया लिहिला होता. भाडं आणि मेंटेनन्स १०,३००. लाईट १,०००, उन्हाळ्यात वाढणार. पाइप गॅस ५००. दोन नेट आणि मोबाईल १,३००. किराणा, दूध, भाजी ७,५००. बाहेरचं खाणं ३,०००. पोळ्या आणि भांड्यांच्या मावशी २,५००. ॲक्टिव्हाचं पेट्रोल २,०००. कपडे, औषधं, लग्नाचे आहेर असं सटरफटर ४,०००. गावी आईवडिलांना १०,०००. बेरीज ४२,१००. उरले १७,४००.

भाजीच्या बाबतीत आपलं शहर सुखी आहे. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर, बाजारात जा, आठवड्याची भाजी घेऊन या, मॉलमधल्या दरात आणि त्या दरात फरक तुम्हालाच दिसेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं अशी मिळतात की पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांना पेट्या पाठवाव्याशा वाटतात. रविवारची मिसळ मात्र चार मित्रांबरोबर दर आठवड्याला गेलात की महिन्याला हजार-बाराशे होतातच, ते बाहेरच्या खाण्यात लिहा, विसरू नका. जाण्यायेण्याला सिटीलिंकची बस चालते पण तुमच्या रूटला किती वेळाने येते ते आधी दोन-तीन दिवस थांब्यावर उभं राहून बघा, नाहीतर स्कूटरला पर्याय नाही.

आता आतेभावाचं. बारा लाखांचं त्याच पद्धतीने फोडलं तर हातात ७४,७००. बघा, सीटीसीत महिन्याला २० हजारांचा फरक आणि हातात आला १५ हजारांचा. बाणेरला एकट्याने घेतलेल्या वनबीएचकेचं भाडं आणि मेंटेनन्स २६,५००. घरी १०,०००. किराणा ९,०००, बाहेरचं ६,०००, पेट्रोल आणि कॅब ४,०००, मावशी ३,५००, लाईट-नेट-गॅस ३,०००, महिन्यातून दोनदा नाशिकला ये-जा ३,०००, बाकी ५,०००. बरोबर ७०,०००. उरले ४,७००. वहीत ही शेवटची ओळ लिहिल्यावर तो बराच वेळ काही बोललाच नाही. नंतर त्या मुलीचा हिशोब त्याला सांगितला तेव्हा म्हणाला, म्हणजे ती मुलगी माझ्यापेक्षा तेरा हजार जास्त बाजूला टाकते?

हो, टाकते. पण तिथेच वही मिटवणं बरोबर नाही. त्याने फ्लॅट शेअर केला तर १३ हजार तिथेच वाचतात आणि दोघं बरोबरीला येतात. आणि पुण्यात नोकरी बदलायची म्हटलं तर त्याला पंधरा दिवसांत पाच मुलाखती मिळतात, इथे पाच मुलाखतींना वर्ष लागू शकतं. नाशिकचा हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. इथे स्वस्तात राहून तीन वर्षं तेच एक्सेल भरत राहिलात तर वाचवलेले पैसे कमीच पडतील. म्हणून त्या १७,४०० मधले पहिले सहा महिने सगळे इमर्जन्सी फंडात टाका, लाखभर होतात, आणि त्यानंतर थोडे शिकण्यावर. शिकणं म्हणजे दीड-दोन लाखांचे ईएमआयवाले कोर्स नाहीत. एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाईन) कोर्स फुकट आहेत, पैसे लागतात ते फक्त परीक्षेला, कॅगल या वेबसाईटवर सरावाला डेटा फुकट आहे, आणि आपल्याकडच्या कांद्याच्या बाजारभावांवर एक नीट प्रोजेक्ट केलंत तर मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं, कारण लासलगावचा भाव का पडतो ते तुम्हाला घरातूनच माहिती असतं.

अमेरिकेचे आकडेही फिरत असतात. तिथल्या सरकारी आकडेवारीत मे २०२४ ला डेटा सायंटिस्टचा मधला पगार वर्षाला १ लाख १२ हजार ५९० डॉलर होता, खरा आकडा आहे. पण त्याला डॉलरच्या दराने, समजा पंच्याऐंशीने, गुणून ९५ लाख म्हणू नका. तिथे एका डॉलरमध्ये जे मिळतं ते आपल्याकडे साधारण वीस-एकवीस रुपयांत मिळतं, तसं धरलं तर तो पगार इथल्या बावीस-तेवीस लाखांसारखा वाटतो. चांगलाच आहे, पण ९५ नाही.

पायरी ५: विमा

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा वेगळा घ्याच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय, म्हणजे आधी नको वाटत होता त्यांनी परत एकदा कोटेशन काढा. आईवडिलांची पॉलिसी वेगळी ठेवा, एकाच फ्लोटरमध्ये (घरातल्या सगळ्यांची मिळून एक पॉलिसी) सगळे घातले की प्रीमियम मोठ्यांच्या वयावर ठरतो.

पायरी ६: सही करायच्या आधी एचआरला मेल

फोनवर नाही, मेलवर. मी हे पाच प्रश्न सगळ्यांना लिहून देते: पहिल्या महिन्याचा हातात येणारा आकडा किती, व्हेरिएबल गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष किती टक्के दिलं, पीएफ पूर्ण बेसिकवर कापता की १५ हजारांची मर्यादा धरून १,८०० च कापता, नोटीस पिरियड किती, आणि जॉइनिंग बोनस किती महिन्यांत सोडलं तर परत घेता. नोटीस ९० दिवसांची असेल तर पुढची नोकरी शोधताना त्रास होतो, तो ६० वर आणता येतो का ते आत्ताच विचारा, नंतर कुणी ऐकत नाही. आणि पगार वाढवून मागायला लाजू नका. 'मला इथे भाडं इतकं आहे' असं सांगून वाढ मिळत नाही, 'याच कामाला पुण्याच्या कंपनीने इतके देऊ केलेत' असं हातात ऑफर ठेवून सांगितलं की मिळते. त्या मुलीला असंच ९ लाखांवरून ९ लाख ६० हजार मिळाले, एका मेलवर.

येत्या दोन वर्षांत नाशिकला येणाऱ्यांसाठी अजून एक. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पंचवटी, रामकुंडाच्या आसपास त्या काळात रस्ते बंद असतील, गर्दी असेल, आणि घरमालकांना थोड्या दिवसांच्या भाड्याचा मोह होऊ शकतो. तिकडे घर बघत असाल तर ११ महिन्यांनी भाडं किती वाढणार आणि मधेच खाली करायला सांगितलं तर किती दिवसांची नोटीस, हे दोन्ही करारात आत्ताच लिहून घ्या. आमच्या आतेभावालाही मी तेच सांगितलंय, कारण त्याच्या कंपनीने आता आठवड्याला दोनच दिवस ऑफिस केलंय आणि तो मार्चपासून इकडे घर बघतोय.